आडवी गिटार, उभी गिटार आणि मामींचा कूलर

६ एप्रिल

मामा हो म्हणाले. म्हणजे तोंडानं "पाहू" म्हणाले, पण लगेच वाकून खाटेखालची पेटी ओढली. तेव्हा ते होच.

ठरलं ते एवढंच. दोन गिटारी, नागपुरात महाल भागातल्या मामांच्या घराची माडी, आणि आधीपासून काहीही न ठरवता वाजवायचं. गाणं नाही, राग नाही, ताल नाही. जे निघेल ते सलग रेकॉर्ड करायचं, मागाहून वर काही चढवायचं नाही, आणि त्यातून चाळीसेक मिनिटांचा अल्बम काढायचा. माझी विजेच्या सबस्टेशनवर पाळीची ड्युटी, त्यामुळे रविवार मिळेलच असं नाही. तरी पाऊस लागायच्या आत उरकायचं.

मामांनी २८ वर्षं ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवली. गणपती, शारदोत्सव, लग्नं, कॉलेजांची गॅदरिंगं. रेकॉर्डवर तुकडा जसा आहे तसाच्या तसा वाजला पाहिजे, एक सूर इकडचा तिकडे झाला तर पहिल्या रांगेतला कुणी ना कुणी टोकणारच, अशी ती नोकरी. ऑर्केस्ट्रा संपला तसा पेटीला हात लावला नव्हता.

मी त्यांना उत्साहानं सांगायला गेलो की १९६५च्या आसपास लंडनला एएमएम नावाचा गट सुरू झाला, त्यातल्या कीथ रो या माणसानं गिटार सरळ टेबलावर आडवी ठेवली आणि तिच्यावर सुऱ्या, स्प्रिंगा, पंखे असलं काय काय चालवलं, आणि तिथून एक वेगळी वाट निघाली. मामांनी ऐकून घेतलं.

"आडवी?"

"हो, आडवी."

"मंग माझी काय उभी आहे? पन्नास वर्षं झाली आडवी वाजवून राहिलो. मले तर कोणी प्रायोगिक नाही म्हटलं."

मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. मांडीवर गिटार घेऊन तारांवर लोखंडी बार सरकवायचा प्रकार हवाईतल्या जोसेफ केकुकूच्या नावावर सांगतात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाची गोष्ट. ब्रिजभूषण काब्रांनी त्याच बारावर राग आणले. लंडनवाले पोचेपर्यंत आडवी गिटार जुनी झाली होती.

१३ एप्रिल

पहिली बैठक. सामान: दोन कंडेन्सर माइक, माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा दोन चॅनेलचा इंटरफेस, लॅपटॉप, माझा पंधरा वॅटचा अँप (अँप्लिफायर). एक माइक मामांच्या गिटारीपासून वीतभर, दुसरा अँपच्या पुढे पण जरा तिरका. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. पातळी वजा बारा डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही, कारण मामांचा बार कधी आपटेल सांगता येत नाही.

माझ्या गिटारीची तयारी: आठव्या पट्टीवर तारांना कपड्यांचा चिमटा, खराट्याची काडी तारांमध्ये वरखाली गुंफलेली, बॅटरीवरचा हातातला पंखा (पात्यांऐवजी चामड्याचे तुकडे बांधलेला), आणि पुलापाशी, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिथं, सहाव्या तारेखाली सुती दोरा. दोऱ्याची युक्ती तंबोऱ्यावरून उचललेली. तिथे तो दोरा नेमक्या जागी आला की जवारी, म्हणजे तारेची गुंज, खुलते. गिटारीवर तितकी खुलत नाही, पण तार बोलायच्या ऐवजी कुरकुरायला लागते. तेही चालतं.

एकूण ५० मिनिटं वाजवलं. वापरता येईल असं काही नाही. मामांचा हात दर दोन मिनिटांनी कुठल्या तरी गाण्यात शिरतो. शिरला की ते दचकतात, थांबतात, "सॉरी" म्हणतात. सगळे सॉरी रेकॉर्ड झालेत. खालून भंगारवाल्याचा भोंगा तीनदा गेला.

२० एप्रिल

४३ अंश. माडीवर कवेलूचं छप्पर, दुपारी तिथं पापड भाजून निघतील. गेल्या वेळी रेकॉर्डिंगसाठी कूलर बंद ठेवला होता, आज मामी म्हणाल्या, "कूलर बंद करून बसायचं असंन तर माझ्या नवऱ्याला खाली पाठव." बरोबर आहे. मामा ७१ वर्षांचे आहेत.

म्हणून कूलर चालू. जुना लोखंडी डब्बा, तीन बाजूंनी ताट्या, पाण्याचा पंप टपटपतो आणि मोटर घूं करते. माझ्या गिटारीला तारांचा आवाज उचलणारा सिंगल कॉइल पिकअप, ती घूं त्याच्यातूनही वेगळी शिरते. होकायंत्रासारखं गिटार धरून खोलीत फिरलो. खिडकीकडे पाठ केली की अँपमधली घरघर बरीच कमी होते. हवेतून येणारी मात्र राहिलीच.

मी सूर मोजणारा ट्यूनर लावून बसलो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकाव्यांची, मोटरचा पत्रा त्याच्या दुपटीनं थरथरतो, म्हणजे १००. गिटारीवर १०० हर्ट्झचा सूरच नाही! जी आहे ९८ आणि त्याच्या पुढचा जी शार्प साधारण १०४. कूलर दोघांच्या मधल्या फटीत बसलाय. मी पाचवी तार ११० वरून सैल करत ९८ वर आणली, तर कूलर आणि तार यांच्यात सेकंदाला दोन ठोके पडायला लागले. वूं-वूं, वूं-वूं. डोकं उठलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं, बार तारेवर टेकवला आणि जरासा पुढे घेतला. अर्धा गहूभर. ठोके मंद झाले. अजून केसभर. ठोका एकदम लांबला, मग नाहीसा झाला. आणि त्याबरोबर कूलरही नाहीसा झाला. म्हणजे चालूच होता, पण तो आता कूलर वाटेना, मामांच्या तारेचं खालचं अंग वाटायला लागला. मामांनी तो सूर चार-पाच मिनिटं सोडला नाही. पट्ट्यांच्या गिटारीला हे जमणारं काम नाही; तिच्या सुरांच्या जागा कारखान्यात ठरतात.

हे रेकॉर्ड झालंय. फाइलला नाव दिलं: कूलर १.

२७ एप्रिल

रात्रपाळी. बैठक नाही.

४ मे

आज रात्री साडेनऊला बसलो, दुपारी शक्यच नव्हतं. कूलरशी सूर लावून झाला तरी दहा मिनिटांत पुन्हा ठोके पडायला लागले. मामा म्हणाले, तार उतरली. मी म्हटलं, मामा, तार नाही, ग्रीड हललं.

हे माझ्या धंद्यातलं, म्हणून लिहून ठेवतो. ५० हर्ट्झ हे म्हणायला ५०. ग्रीड म्हणजे देशभराच्या विजेचं एकच जाळं; त्यावरचा लोड, म्हणजे मागणी, वाढला आणि निर्मिती कमी पडली की वारंवारिता खाली येते, लोड उतरला की वर जाते. ग्रीड कोडनं ठरवलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झचा आहे. ४९.९० ला कूलर ९९.८ वर बोलणार. मामांची तार १०० वर असेल तर पाच सेकंदांनी एक ठोका. कानाला एवढं बारीक कळतं, आणि मामांना तर कळतंच. ड्युटीवर मी हाच आकडा लाल दिव्यांत पाहतो. तो ऐकूही येतो हे २२ वर्षांत डोक्यात आलं नव्हतं.

मामांना सांगितलं की आत्ता कुठल्या तरी राज्यात लोकांनी एकदम मोटारी लावल्या असतील म्हणून तुमचा सूर बेसूर झाला. ते खूश झाले. "म्हणजे अख्खा भारत बसला आहे साथीले." आणि त्यानंतर जे वाजवलं ते आजवरचं सगळ्यात चांगलं. ११ मिनिटं १० सेकंद. मामा कूलरच्या मागे मागे बार सरकवतात, मी फक्त काडीवर नखानं टिचक्या मारतो. गाणं एकदाही आलं नाही.

११ मे

भांडण.

भांडण म्हणजे मामा शांतपणे बोलले आणि मी तापलो. मी म्हणत होतो की तुम्ही अजून अधूनमधून ओळखीच्या चालीत घुसता, ते टाळायला हवं. ते म्हणाले, "बरं. पण तुझं गाणं तर मले पाठ झालं आहे."

"माझं कोणतं गाणं?"

"पहिले चिमटा. मंग काडी. मंग तो पंखा. मंग डोळे मिटून बसतो, म्हणजे आता संपलं. मी त्याच हिशेबानं वाजवून राहिलो इतके दिवस. तुले काय वाटलं?"

मी म्हटलं तसं काही नाही. घरी येऊन हेडफोन लावले आणि आतापर्यंतचे सातही टेक कागद-पेन घेऊन ऐकले. सातपैकी सहांत क्रम तोच. चिमटा पहिल्या तीन मिनिटांत पाच वेळा. पंखा सुरू करण्याआधी मी दरवेळी सहावी तार एकदा मोकळी छेडतो, जणू निवेदक पुढच्या गाण्याचं नाव पुकारतोय. ऑर्केस्ट्राच्या प्रोग्रामचा कागद असतो तसा कागद. फक्त माझ्या कागदावर गाण्यांऐवजी चिमटे.

राग आला, मामांवर नाही. या प्रकारच्या वादनातला मोठा माणूस डेरेक बेली, जन्म १९३०, इंग्लंडमधल्या शेफिल्डचा गिटारवादक. कुठल्याच ठरीव शैलीत न बसणारं वादन करायचं हा त्याचा ध्यास होता, आणि मी वीस वर्षं त्याचा भक्त. आता प्रामाणिकपणे पाहिलं तर मी त्याची आणि त्याच्यानंतरच्यांची शैलीच तर गिरवत होतो. मामांची गाणी निदान त्यांनी पोटासाठी पाठ केली होती.

१२ मे

कालच्यात एक राहिलं. बेली या सगळ्याकडे वळण्याआधी बरीच वर्षं डान्स बँडमध्ये आणि स्टुडिओत ठरीव वाजवून पोट भरत होता. हे मामांना फोनवर सांगितलं. "म्हणजे ऑर्केस्ट्रावालाच की बाप्पा!"

१८ मे

नवा नियम: चिमटा, काडी, पंखा खाली मामींकडे जमा. चिमटा दोरीवर गेला. (त्याची तिथं गरज होतीच, मामी म्हणाल्या.)

मामांचं उजवं मधलं बोट सकाळी अडकतं, उघडताना खटकन आवाज येतो. डॉक्टरांनी सांगितलंय जास्त ताणू नका. म्हणून ते आज मधल्या बोटात वाजवायचं नख न घालता फक्त अंगठ्यानं वाजवत होते. बेलीला शेवटच्या दिवसांत हाताच्या दुखण्यानं पिक धरवेना, तेव्हा त्यानंही अंगठ्यानंच वाजवलं, आणि २००५ साली, तो गेला त्याच वर्षी, ते रेकॉर्डही निघालं. हे मी मामांना सांगितलं नाही. उगाच वाईट वाटायचं.

अंगठ्यानं मामांचा वेग निम्मा झाला. पाठ असलेला कोणताच तुकडा त्या वेगाला बसत नाही, त्यामुळे हात गाण्यात शिरतो पण आत शिरून अडतो. ऐकायला विलक्षण लागतं. मी मात्र रिकाम्या हातानं अगदी ओशाळा. पहिली चार मिनिटं काहीच वाजवलं नाही. पाचव्या मिनिटाला नाइलाजानं एक सूर.

नंतर गिटारींची अदलाबदल करून पाहिली. मामांनी माझी उभी गिटार घेतली आणि मांडीवर आडवी टाकली. मी त्यांची घेतली, तिच्या तारा इतक्या उंच उचललेल्या की बोटानं दाबताच येत नाहीत. दोघंही अडाणी. यातली सहा मिनिटं ठेवायची.

२८ मे

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. बाहेर ४५ च्या वर, माडीवर किती ते पाहिलं नाही. घामानं तारा गंजतात, आठवड्याला एक संच जातोय. तापून तारा उतरतात, कूलरच्या दमटपणानं लाकूड फुगतं, आणि गिटार नक्की कुणाचं ऐकते कळत नाही.

टेकच्या मध्येच लाईट गेली. कूलर बंद, माझा अँप बंद. लॅपटॉप बॅटरीवर, त्यामुळे रेकॉर्डिंग चालू. एकदम ती शांतता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वाजवत राहिलो. मला तर वाटलं हाच अल्बमचा शेवट.

रात्री ऐकलं. काही नाही त्यात. लाईट गेल्याबरोबर आम्ही दोघंही हळवे झालो आणि सिनेमात कुणी वारल्यावर वाजतात तसले लांब लांब गोड सूर काढत बसलो. पुसून टाकलं.

मामांना आज मी अडलेला दिसलो असणार. जाताना म्हणाले, मोहनवीणावाले विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी १९९२ साली भेटल्यावर तासाभराच्या आत रेकॉर्डिंगला सुरुवात केली, १९९४ ला ग्रॅमी घेतलं. "आपली त्रेचाळीस वर्षांची ओळख आहे ना, म्हणून अडून राहिलं."

१५ जून

पाऊस आला. रात्रीपासून. कवेलूच्या एका फुटक्या जागेतून गळतं, खाली गंज, म्हणजे पितळी पातेलं, ठेवलाय. कूलर बंद, बहुतेक आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.

शेवटची बैठक. खोली इतकी शांत की मामांच्या खटकणाऱ्या बोटाचाही आवाज माइकमध्ये येतो. सुरुवात मी केली, एकच तार, पुलाच्या पलीकडच्या तुकड्यावर. मामा बराच वेळ ऐकत राहिले. मग बार टेकवला. आणि टेकवला तो थेट तिथंच. ट्यूनरवर पाहिलं, ९९.९. कूलर नाही, घूं नाही, ग्रीड नाही, पण त्यांचा हात जाऊन त्याच जागी बसला.

त्यांच्याही लक्षात आलं. बार न उचलता हसले. दोन महिन्यांत कूलरसुद्धा गाणं झाला होता, पाठ झाला होता. त्यांनी तिथून बार हलवला नाही. मी ९८ वर खालचा सूर लावला, मुद्दाम, आणि ते पहिल्या दिवशीचे ठोके पुन्हा पडायला लागले, सेकंदाला दोन. त्यावर गंजात गळतं पाणी, त्याचा हिशेब वेगळाच. १४ मिनिटं. कुणी डोळे मिटले नाहीत, त्यामुळे संपवायचं कसं कळेना. शेवटी मामींनी खालून चहासाठी हाक मारली. ती हाक टेकमध्ये आहे आणि राहील.

६ जुलै

एकूण रेकॉर्डिंग नऊ तासांच्या वर. ठेवलेलं ३८ मिनिटं, पाच तुकडे. आतून काहीही कापलेलं नाही, फक्त दोन्ही टोकं.

एका जागेवरून अडलं. ४ मेच्या टेकमध्ये, सातव्या मिनिटाच्या पुढे मामांकडून चार सूर येतात, अगदी ओळखीचे, वर चढून परत खाली. मी मे महिन्यात "गाणं एकदाही आलं नाही" असं लिहून बसलोय, म्हणजे तेव्हा निसटलं. मामा म्हणाले, काढ ते. मी म्हटलं, कोणतं गाणं आहे ते तरी सांगा. त्यांनी तीनदा ऐकलं, मग कपाळावर हात मारला. गाणंच नाही ते. कार्यक्रमाआधी साउंडवाल्याला गिटारीचा आवाज जुळवता यावा म्हणून ते जो तुकडा वाजवून दाखवत, तो. अठ्ठावीस वर्षं, प्रत्येक कार्यक्रमाआधी, रिकाम्या खुर्च्यांपुढे. लोकांनी कधीच न ऐकलेला.

ठेवला.

२ ऑगस्ट

शेवटचा हात फिरवायला फाइली एका स्टुडिओत दिल्या होत्या. तिथल्या मुलानं मनापासून काम केलं, आणि न विचारता सगळ्यातून कूलर काढून टाकला. नॉइज रिडक्शन: मोकळ्या जागेतला आवाज सॉफ्टवेअरला दाखवायचा, हा कचरा म्हणून, मग ते सगळीकडून तेवढंच उचलून काढतं. इथं कूलरसोबत मामाही निघून गेले. जिथं जिथं त्यांचा सूर घूंशी जुळला होता, तिथं तिथं सॉफ्टवेअरनं तो कचऱ्यातच धरला. उरला फक्त अंगठ्याचा टच्च आणि वरचे एक-दोन पातळ सूर. आणि जिथं मामा बेसूर होते ते जसंच्या तसं शिल्लक.

मुलाची चूक म्हणवत नाही. पण मामांना हे ऐकवलं तर ते इतके हसले की मामी वर आल्या. "म्हणजे मी बरोबरच लावला होता ना सूर. मशीनलेही ओळखू नाही आला."

मूळ फाइली परत घेतल्या. आता स्वतःच करतोय. सरासरी पातळी वजा २० एलयूएफएसवर (कानाला आवाज किती मोठा वाटतो याचं माप) सोडतोय. ऑनलाइन साधारण वजा १४ चा रिवाज आहे, त्यामुळे आमचं बारीक वाजेल. ऐकणाऱ्यानं आवाज वाढवावा. वाढवला की कूलरही येईल.

२३ ऑगस्ट

आज मारबत, नागपूरची पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिरवणूक. सकाळपासून घरापुढून ढोल, "घेऊन जा गे मारबत" चा घोष, महालात काम करायचा दिवसच नाही. तरी माडीवर बसून नावं भरली. वादक दोन. साथीला काय लिहायचं यावर चर्चा झाली. मामा म्हणत होते कूलर लिही, मी म्हणत होतो ग्रीड. मामी म्हणाल्या, कूलर माझा आहे, मला माझ्या वडिलांनी दिलाय, लिहायचंच असेल तर माझं नाव लिहा.

त्यांचं नाव लिहिलं. फाइली चढवल्या, ३८ मिनिटं ४ सेकंद. कूलरचा पंप जळलाय, मोटर ठीक आहे. मामांनी निक्षून सांगितलंय की फक्त पंप बदलायचा, मोटरीला हात लावायचा नाही.